कच्च्या रस्त्याचे कौतुक

‘ग्रॅव्हल’ हा शब्द गेल्या काही वर्षांत मराठी सायकलस्वारांच्या बोलण्यात चांगलाच रुळला आहे. ग्रॅव्हल म्हणजे साधी खडी. पण त्या नावाची सायकल आता वेगळी मिळते. शर्यतीच्या सायकलीसारखे खाली वळलेले हँडल, चाळीस-पन्नास मिलिमीटर रुंदीचे टायर, डिस्क ब्रेक, चढासाठी हलके गिअर आणि चौकटीला जागोजागी पिशव्या बांधण्याची सोय, असे तिचे एकंदर रूप असते. तिच्यावर तंबू, स्लीपिंग बॅग आणि छोटा स्टोव्ह लादून चार-आठ दिवस डोंगरातल्या कच्च्या रस्त्यांनी हिंडायचे आणि रात्री उघड्यावर मुक्काम करायचा, हा छंद पुण्या-मुंबईकडे बराच फैलावला आहे. त्याची वर्णनेही आता भरपूर वाचायला मिळतात. या वर्णनांत एक वाक्य थोड्याफार फरकाने हमखास भेटते. ‘पूर्वी इथं मस्त कच्चा रस्ता होता, आता डांबर झालं, सगळी मजा गेली.’ मला जे म्हणायचे आहे ते या वाक्याविषयी आहे.

हे वाक्य उच्चारणारी माणसे दुष्ट नसतात हे आधीच सांगितले पाहिजे. बहुधा ती डोंगरावर मनापासून प्रेम करणारी, कचरा न करणारी, गावकऱ्यांशी आदराने बोलणारी माणसे असतात. आणि त्यांची खंत सर्वस्वी खोटी असते असेही नाही. तरीही तिच्यात एक गोष्ट गृहीत धरलेली असते, ती अशी की रस्त्याची गुणवत्ता ठरवण्याचा अधिकार त्यावरून वर्षातून एकदा जाणाऱ्याला आहे. त्या रस्त्याच्या टोकाला जो राहतो त्याचे मत त्या वाक्यात कुठेच येत नाही. हा केवळ शिष्टाचाराचा प्रश्न असता तर त्यावर लेख लिहिण्याचे कारण नव्हते. पण आपण डोंगराकडे कसे पाहतो, तिथल्या माणसाला त्या चित्रात कुठे उभे करतो आणि सह्याद्रीत पुढे काय व्हावे असे आपल्याला वाटते, हे सारे या एका वाक्यात गुंतलेले आहे.

सायकल आणि रस्ता यांच्या इतिहासात या बाबतीत एक गमतीची उलटापालट आहे. डनलॉपने हवेचे टायर आणले ते १८८८ साली. त्यानंतरच्या दशकात युरोप-अमेरिकेत सायकलीचे वेड पसरले आणि सायकलस्वारांची पहिली मोठी मागणी होती ती चांगल्या रस्त्यांची. इंग्लंडमधल्या सायकलस्वारांच्या संस्थांनी १८८६ मध्येच रस्तेसुधारणेसाठी स्वतंत्र संघटना उभी केली होती. अमेरिकेत ‘लीग ऑफ अमेरिकन व्हीलमेन’ ही १८८० साली स्थापन झालेली संस्था या चळवळीची अग्रणी होती; १८९२ पासून तिने ‘गुड रोड्स’ नावाचे मासिकच चालवले. गंमत अशी की सुरुवातीला या चळवळीला विरोध होता तो शेतकऱ्यांचा. शहरी हौशी मंडळींनी रविवारी सायकली पिटाळाव्यात म्हणून आम्ही कर का भरायचा, असा त्यांचा रोकडा सवाल होता. पुढे टपाल घरपोच येऊ लागले, माल बाजारात नेण्याचे गणित कळले, आणि शेतकऱ्यांचे मत बदलले. रस्ते पक्के झाले. मग त्या रस्त्यांवर मोटार आली आणि ज्यांनी रस्ते मागितले होते त्या सायकलस्वारांनाच तिने कडेला लोटले.

आजचे ग्रॅव्हल सायकलिंग हे या लोटले जाण्याचे सव्वाशे वर्षांनंतरचे उत्तर आहे. इंग्लंडमध्ये १९५५ साली ‘रफ-स्टफ फेलोशिप’ नावाचे मंडळ निघाले. डोंगरातल्या, धनगरांच्या, जुन्या मालवाहतुकीच्या वाटांवर सायकल नेणाऱ्यांचे ते मंडळ. अमेरिकेत कॅन्सस राज्यातल्या एम्पोरिया या गावाहून २००६ साली फ्लिंट हिल्सच्या गारगोटीच्या रस्त्यांवर दोनशे मैलांची शर्यत सुरू झाली, आणि आज ग्रॅव्हल नावाचा जो व्यवसाय उभा आहे त्यात तिचा वाटा मोठा आहे. ही माणसे खडीच्या प्रेमाने तिथे गेली असे मला वाटत नाही. ती मोटारीपासून दूर गेली, आणि मोटारी जिथे कमी होत्या तिथे नेमकी खडी होती. हा भेद बारीक आहे, पण पुढच्या साऱ्या विवेचनाचा आधार तोच आहे.

शिवाय कॅन्ससची खडी आणि आपली खडी एक नव्हे. तिथला खडीचा रस्ता हा पुरा झालेला रस्ता असतो. गावोगावची काउंटी सरकारे यंत्राने तो नियमितपणे सपाट करतात, त्यावर नवी खडी पसरतात; त्यावरून शाळेची बस जाते, धान्याचा ट्रक जातो. डांबर नसणे ही तिथे खर्चाचा विचार करून केलेली निवड असते. आपल्याकडे खडी ही निवड नसते, ती पायरी असते. ग्रामपंचायतीच्या ठरावांची भाषा पाहावी: आधी मुरुमीकरण, मग खडीकरण, मग डांबरीकरण. ‘कच्चा’ या शब्दातच पुढे पिकण्याची अपेक्षा आहे. कैरी कच्ची असते कारण आंबा व्हायचा असतो. आपल्या डोंगरातला कच्चा रस्ता म्हणजे एक तर वचन दिलेला आणि अजून न झालेला रस्ता, नाही तर झालेला आणि दोन पावसाळ्यांत वाहून गेलेला रस्ता. ज्याला आपण कौतुकाने ग्रॅव्हल म्हणतो ते बहुतेक वेळा दोन निविदांमधले अंतर असते.

गेल्या जानेवारीत आम्ही दोघे पुण्याहून निघून चार दिवस या भागात हिंडलो, तेव्हा हे फार जवळून पाहायला मिळाले. पानशेतपर्यंत डांबर, तिथून डोंगर ओलांडून तोरण्याच्या पायथ्याच्या वेल्ह्यात, वेल्ह्याहून पासलीच्या बाजूने केळदपर्यंत, जिथे सह्याद्री एकाएकी संपतो आणि मढे घाटाची पायवाट कोकणात उतरते, आणि मग भाटघर धरणाच्या फुगवट्याच्या कडेकडेने भोर. मुख्य रस्ता सोडून वाड्यांना जोडणारे फाटे आम्ही मुद्दाम धरले होते. चार दिवसांत दोनशे किलोमीटरही पुरते झाले नाहीत.

या प्रवासाचे सुख मी नाकारणार नाही. नाकारले तर पुढचे म्हणणे खोटे होईल. कच्च्या चढावर सायकलीचा वेग ताशी सहा-सात किलोमीटरवर येतो, म्हणजे चालण्याच्या जरासा पुढे. या वेगात डोंगर वेगळा दिसतो. मुरूम कुठे संपतो आणि उघडा काळा कातळ कुठे सुरू होतो हे आधी टायरला कळते, मग डोळ्यांना. कापणी झालेल्या भातखाचरांतून बांधांच्या पायऱ्या उतरत गेलेल्या असतात. वरच्या उतारावर नाचणी-वरईचे मोकळे तुकडे, त्याच्या वर वाळलेली कारवी. रस्त्यात ट्रॅक्टर आणि जीपगाड्यांनी पाडलेल्या चाकोऱ्या असतात. चाकोरी हा शब्द आपण निबंधात ‘चाकोरीबाहेरचे’ अशा अलंकारापुरता वापरतो. इथे ती वीतभर खोल, वाळलेल्या चिखलाची खोबण असते आणि चाक एकदा तिच्यात गेले की बाहेर काढताना माणूस आडवा होतो. चाकोरी सोडण्याचे गोडवे गाणाऱ्यांनी हा अनुभव एकदा घ्यावा. चढ इतका तीव्र की उतरून सायकल ढकलावी लागते, आणि ढकलताना शेजारून डोक्यावर मोळी घेतलेली बाई न थांबता पुढे निघून जाते.

हा सारा आनंद खरा आहे. पण त्या प्रत्येक किलोमीटरला दुसरी एक बाजू होती आणि तीही तितकीच स्पष्ट दिसत होती. रस्त्याकडेला खडीचे ढीग होते आणि त्या ढिगांवर गवत उगवून वाळलेले होते, म्हणजे निदान एक पावसाळा ते तसेच पडून होते. एका फाट्यावर योजनेचा फलक होता: रस्त्याची लांबी, खर्च, पाच वर्षांचा दोषदायित्व कालावधी, सगळे नीट रंगवलेले, फलकामागे जे होते त्याला रस्ता म्हणणे कठीण होते. एका ठिकाणी मोरी वाहून गेली होती आणि तिच्या जागी लोकांनी दगड रचून तात्पुरती वाट केली होती. आम्हाला तो सायकल उचलून पार करण्याचा मौजेचा टप्पा वाटला. आजाऱ्याला घेऊन जाणाऱ्या जीपला तो काय वाटत असेल, हे सांगायला नको.

दुसऱ्या रात्री एका वाडीजवळ मुक्काम केला. वाडीचे नाव मी देत नाही. त्याचे कारण पुढे येईल. देवळाच्या पुढच्या मोकळ्या जागेत तंबू लावू का, असे विचारायला गेलो तेव्हा चार-पाच माणसे जमली. पहिला प्रश्न नेहमीचाच: ‘काय काम काढलंत इकडं?’ काम काहीच नाही, असेच फिरायला, हे उत्तर त्यांनी सभ्यपणे ऐकून घेतले. सायकलीची किंमत विचारली गेली. आम्ही ती बरीच कमी करून सांगितली, तरी एका आजींनी हिशेब केलाच: ‘तेवढ्यात मोटारसायकल आली असती की रं.’ यंदा डांबर होणार असे म्हणतात, अशी बातमी त्यांच्यातल्याच एकाने दिली. त्यावर माझा सोबती सहज बोलून गेला, ‘आम्हाला असाच आवडतो रस्ता, कच्चा.’ तो माणूस हसला. राग नव्हता त्यात. म्हणाला, ‘पावसात या एकदा.’

या तीन शब्दांना माझ्यापाशी उत्तर नाही, आणि ग्रॅव्हलच्या कौतुकात गुंतलेल्या कुणापाशी असेल असे वाटत नाही. आपण येतो ते दिवाळीनंतर आणि होळीच्या आत. मुरूम बसलेला, आकाश निरभ्र, रात्री थंडी. ज्या चार महिन्यांत हाच रस्ता चिखल होतो, जीपवाला यायला नाही म्हणतो, दहावीची मुले शाळेच्या गावी नातेवाइकांकडे राहायला जातात आणि अडलेल्या बाईला झोळीत घालून खाली उतरवावे लागते, त्या चार महिन्यांत आपण शहरात सायकलीला तेलपाणी करत असतो. कच्च्या रस्त्याचे सौंदर्य आणि कच्च्या रस्त्याची किंमत ही दोन वेगळ्या ऋतूंत राहतात. म्हणून ती एकमेकांना भेटत नाहीत.

त्या वाडीला रस्ता का नाही याचे उत्तर केवळ भ्रष्टाचार किंवा अनास्था असे देऊन भागणार नाही. त्यात एक हिशेब आहे. प्रधानमंत्री ग्राम सडक योजना २५ डिसेंबर २००० रोजी सुरू झाली. तिचा निकष होता मैदानी भागात पाचशे लोकवस्तीचा, आणि पहाडी राज्ये, वाळवंटी प्रदेश व पाचव्या अनुसूचीतले आदिवासी क्षेत्र यांसाठी अडीचशेचा. २०२४ मध्ये मंजूर झालेल्या चौथ्या टप्प्यातही मैदानी भागासाठी पाचशे हाच आकडा राहिला. महाराष्ट्र हे पहाडी राज्य नव्हे. त्यामुळे सह्याद्रीच्या ऐन कड्यावरची, पंधरा-वीस उंबऱ्यांची वाडी किंवा धनगरवाडा कागदावर मैदानात मोजला जातो आणि पाचशेच्या आकड्याला कधीच पोहोचत नाही. मग उरतात राज्याच्या योजना, जिल्हा परिषदेचा ग्रामीण मार्गांचा तुटपुंजा निधी आणि आमदारांची मर्जी. जो रस्ता आम्हाला ‘नकाशावर नसलेला’ म्हणून मोहक वाटतो, तो नकाशावर नसण्याचे कारण हे असे आहे.

भाटघरच्या पाण्याकडेने जाताना या हिशेबाचा दुसरा पदर उलगडतो. हे धरण १९२० च्या दशकात बांधले गेले, तेव्हाचे लॉइड धरण. त्याच्या पाण्यावर नीरेचे कालवे चालतात. बारामतीकडचा आणि फलटणकडचा ऊस उभा राहिला तो या पाण्यावर. खोऱ्यातल्या सरळ, सपाट, जुन्या वाटा मात्र पाण्याखाली गेल्या. आता रस्ता पाण्याच्या प्रत्येक बोटाला वळसा घालत जातो. समोरच्या काठावरचे गाव हाकेच्या अंतरावर दिसते आणि तिथे पोहोचायला तासभर पायडल मारावे लागते. सायकलस्वाराला ही वळणे म्हणजे पर्वणीच; प्रत्येक वळणावर पाण्यात पडलेले नवे डोंगर. पण हा वळसा निसर्गाने घातलेला नाही. धरणाच्या पुढच्यांना पाणी मिळाले आणि मागच्यांना वळसा मिळाला. तो वळसाही शंभर वर्षांत धड पक्का झालेला नाही. हे ठाऊक असले की दृश्य कमी सुंदर होत नाही. फक्त त्याच्याकडे पाहताना तोंडातून निघणारे ‘अस्पर्श’ हे विशेषण गळून पडते.

‘अस्पर्श’, ‘अनाघ्रात’, ‘शहराचा वारा न लागलेले’ ही विशेषणे सायकलस्वारांनी शोधलेली नाहीत. ती आपल्या डोंगरभटकंतीच्या लेखनातून आली आहेत. मात्र याच परंपरेतले जे थोर ते असे लिहीत नव्हते. गो. नी. दांडेकरांनी ‘पवनाकाठचा धोंडी’ लिहिली तेव्हा किल्ला हा पाहुण्याने पाहायचा देखावा म्हणून आला नाही. त्याच्या घेऱ्यातल्या माणसांचे इमान आणि त्यांची ओझी यांच्यासकट आला. व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’तला तरुण मास्तर माणदेशातल्या धनगरवस्तीत पायी जातो, पण तो तिथे नोकरीला जातो आहे; ‘काय काम काढलंत’ या प्रश्नाला त्याच्यापाशी उत्तर आहे. वस्तीचे दारिद्र्य त्याला रम्य वाटावे इतका तो तिच्यापासून दूर नाही. नंतरच्या भटकंतीच्या लेखनात उतरली ती गोनीदांची भावविवशता; त्यांचा माणसांशी असलेला वर्षानुवर्षांचा व्यवहार मात्र उतरला नाही. डोंगर उरला, शेकोटी उरली, भाकरी-ठेचा उरला. भाकरी थापणारी बाई ‘निरागस आदरातिथ्य’ या दोन शब्दांत आटोपली.

इथे एक सबळ आक्षेप येईल आणि त्याला टाळून पुढे जाता येणार नाही. रस्ता येतो तेव्हा तो एकटा येत नाही, असे म्हटले जाईल. त्याच्यामागून प्लॉटचे फलक येतात, डोंगराची कूस कापणारे जेसीबी येतात, फार्महाऊस येतात, शनिवार-रविवारच्या मोटारींच्या रांगा येतात. गावातल्या जमिनी गावाच्या हातातून जातात आणि काल ज्याच्यासाठी रस्ता मागितला तो उद्या त्याच रस्त्याकडेच्या बंगल्यावर राखणदार होतो. पानशेतच्या, मुळशीच्या, लोणावळ्याच्या परिसरात हे झाले आहे. कुणीही जाऊन पाहावे. मग ‘डांबर झालं, मजा गेली’ या खंतीत काही तथ्य नाही का?

आहे. पण ते तथ्य डांबराविषयी नाही. रस्ता कुठे संपतो हे पाहावे, एवढी साधी कसोटी मी सुचवीन. एखाद्या वाडीच्या उंबऱ्याशी संपणारा, तीन किंवा पावणेचार मीटर रुंदीचा, बाजूला नीट गटार आणि जागोजागी मोऱ्या असलेला रस्ता ही एक गोष्ट आहे. डोंगरमाथ्यावरच्या प्लॉटयोजनेच्या कमानीशी संपणारा, दहा-बारा मीटर रुंद, उतार उभा कापून माती खाली लोटून दिलेला रस्ता ही दुसरी. दोन्हींवर डांबर असते, म्हणून दोन्ही एकच म्हणणे हा आळस आहे. आणि विचित्र गोष्ट अशी की पहिला मागायला ठराव, अर्ज, उपोषणे यांत पिढी जाते. दुसरा वर्षभरात होतो. डोंगराच्या बाजूने ज्यांना उभे राहायचे आहे त्यांनी दुसऱ्याला आडवे जावे. त्याऐवजी आपण पहिल्याबद्दल हळहळतो, कारण दुसऱ्या रस्त्याने आपण सायकल नेतच नाही.

डोंगर खचण्याचा प्रश्न तर याहून गंभीर आहे. ३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातले माळीण, २२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातले तळिये, १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातली इरशाळवाडी दरडीखाली गेली. सह्याद्रीचा उतार कापताना किती सावध असले पाहिजे हे या नावांनंतर कुणी वेगळे सांगायला नको. पण याच नावांत इरशाळवाडी आहे, आणि तिला गाडीरस्ता नव्हता. बचावपथकांना अंधारात, पावसात, पायी चढून जावे लागले. यंत्रे वर नेता आली नाहीत, माती हातांनी, कुदळ-फावड्यांनी उपसावी लागली. रस्त्याने डोंगर धोक्यात येऊ शकतो आणि रस्ता नसल्याने माणूस धोक्यात येतो, ही दोन्ही विधाने एकाच वेळी खरी आहेत. त्यांतले सोयीचे एक निवडून त्याला पर्यावरणाची कळकळ म्हणणे योग्य नव्हे. माधव गाडगीळ यांच्या समितीने २०११ च्या अहवालात आग्रह धरला होता तो स्थानिकांच्या ग्रामसभांनी निर्णय घ्यावा याचा. आपल्या चर्चेत त्या अहवालातली बंदी तेवढी लक्षात राहिली, ग्रामसभा विसरली गेली.

आता तंबूविषयी. उघड्यावर मुक्काम या गोष्टीत एक स्वातंत्र्याची भावना असते आणि ती मोलाची आहे. पण सह्याद्रीत ‘मोकळी जागा’ नावाची गोष्ट जवळपास नाही. जो सपाट तुकडा तंबूला योग्य दिसतो तो कुणाचे तरी खळे असते, कुणाचे गायरान, कुणाच्या देवाचे राखलेले रान. नाही तर वनखात्याची हद्द. फेब्रुवारीनंतरचे वाळलेले गवत एका ठिणगीने पेटते आणि त्यात जळतो तो गुरांचा उन्हाळ्याचा चारा. म्हणून विचारून उतरणे, शेकोटी न पेटवणे, पाणवठ्यापासून लांब राहणे हे संकेत सभ्यतेपेक्षा अधिक काही आहेत. जागा कुणाची तरी आहे ही ती कबुली आहे. आणि जेवणाचे पैसे द्यावेत. वारीत किंवा नर्मदेच्या परिक्रमेत चालणाऱ्याला गाव जेवू घालते ते त्याच्या मागे असलेल्या श्रद्धेपोटी. आपण वारकरी नव्हे. आपल्या सायकलीच्या किमतीत त्या घराचे वर्ष निघते. ‘पैसे घेतच नव्हते हो’ हे वाक्य ज्या अभिमानाने सांगितले जाते, त्यातला अभिमान खरे तर त्या घराचा आहे. आपल्या वाट्याला फक्त ऋण येते.

वाडीचे नाव न देण्याचे कारणही यातलेच. एका लेखाने, एका चित्रफितीने, मार्गाच्या एका नोंदीने अशी जागा पुढच्या हिवाळ्यात ‘ठिकाण’ होऊ शकते. व्हावे की नाही हे तिथल्या लोकांनी ठरवावे. काहींना त्यातून चार पैसे मिळतील आणि ते हवेही असतील. पण त्यांच्या वतीने तो निर्णय शहरात बसून घेण्याचे मला कारण दिसत नाही.

मग ग्रॅव्हलचा छंद सोडावा का? मुळीच नाही. डोंगरात मोटारीने जाण्यापेक्षा सायकलीने जाणे सर्वार्थाने बरे. धूर नाही, आवाज नाही, आणि वेग इतका कमी की वाटेतल्या प्रत्येक माणसाला उत्तर दिल्यावाचून पुढे जाता येत नाही. हा शेवटचा गुण मला सर्वांत मोठा वाटतो. काचा वर केलेल्या गाडीला कुणी ‘काय काम काढलंत’ असे विचारत नाही. सायकलस्वाराला विचारतात, आणि त्या प्रश्नासमोर उभे राहणे हेच या प्रवासाचे खरे शिक्षण आहे. हे शिक्षण मुरमावरच मिळते असे नाही. तीन मीटरच्या अरुंद डांबरी रस्त्यावर, जिथे दिवसातून एक एसटी आणि चार जीपगाड्या येतात, तिथेही ते तितकेच मिळते. आपल्याला खडी हवी आहे की शांतता, हे एकदा स्वतःशी ठरवले पाहिजे. शांतता हवी असेल तर वाडीच्या डांबराशी आपले काहीच भांडण नाही. असलेच तर ते माथ्यावरच्या कमानीशी आहे, आणि त्या भांडणात वाडीतली माणसे आपल्या बाजूला असण्याचा संभव बराच आहे.

त्या वाडीचे डांबर यंदा झाले की नाही मला ठाऊक नाही. झाले असेल तर रुंद टायरांचा तिथे फारसा उपयोग उरणार नाही आणि आमची चढावरची दमछाक थोडी कमी होईल. जुलैतल्या एखाद्या रात्री तिथून निघालेली जीप तासाभरात खाली पोहोचेल. या दोहोंची तुलना करण्यात मला तरी काही अर्थ दिसत नाही. पुढच्या वेळी कुणी एखाद्या ‘अजून डांबर न झालेल्या’ मार्गाची शिफारस केली, तर चढ किती आणि पाणी कुठे एवढेच न विचारता, त्या मार्गावरची मुले आठवीनंतर कुठे शिकतात हेही विचारावे. उत्तर बहुधा शिफारस करणाऱ्याला माहीत नसेल. तिथे जाऊन विचारल्यास नक्की मिळेल.